लोभ असावा

‘लव्ह’ हा इंग्रजी शब्द आता आपल्या घरांतून सर्रास वावरतो. परगावी गेलेली मुले दूरध्वनी ठेवताना तो सहज उच्चारतात. आमच्या वडीलधाऱ्यांच्या मुखी मात्र मायेचे शब्द क्वचितच येत. पत्राच्या शेवटी ती माणसे एवढेच लिहीत : ‘लोभ असावा.’

या दोन शब्दांचे नाते उमगले तेव्हा आम्हांस नवल वाटले. जुन्या इंग्रजीतील ‘लुफु’, जर्मन भाषेतील ‘लीबे’ आणि संस्कृतातील ‘लुभ्’ हा धातू ही एकाच प्राचीन मुळाची अपत्ये होत. हवेसे वाटणे, मन ओढले जाणे, हा त्या मुळाचा भाव. म्हणजे ‘लव्ह’ आणि ‘लोभ’ ही भावंडेच! श्रद्धा ठेवणे या अर्थाचा ‘बिलीव्ह’ही त्याच कुळातला.

मग एक प्रश्न छळू लागतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही सात प्रमुख पापांत लोभ पाठ केला आणि आईच्या पत्राखाली त्याच लोभाची विनवणी वाचली. पाप कोणते आणि प्रेम कोणते?

हा पेच इंग्रजांनाही पडला होता. १५२६ साली विल्यम टिंडेल यांनी नवा करार इंग्रजीत आणला. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायातील ‘अगापे’ या ग्रीक शब्दासाठी त्यांनी ‘लव्ह’ योजला. संत थॉमस मोअर यांनी हरकत घेतली. ‘लव्ह’मध्ये बऱ्यावाईट सर्वच आसक्ती सामावतात, पवित्र प्रीतीसाठी लॅटिन ‘कारितास’पासून आलेला ‘चॅरिटी’ हवा, असे त्यांचे म्हणणे. राजा जेम्स यांच्या काळातील १६११ च्या भाषांतराने तेथे ‘चॅरिटी’च ठेवला. पुढे तो शब्द दानधर्मापुरता आकसत गेला आणि १८८१ च्या सुधारित आवृत्तीत ‘लव्ह’ परतला.

संत मोअर यांची शंका रास्त होती. ओढ माणसाला कोठेही नेऊ शकते. पण ओढ वगळून उरते ती केवळ भिक्षा घालणारी चॅरिटी. पापातला लोभ म्हणतो, ‘मला हवे.’ आईच्या पत्रातला लोभ म्हणे, ‘मी तुला हवीशी असावी.’ पहिल्यात मूठ आवळलेली असते, दुसऱ्यात ओंजळ पुढे केलेली.

आज आई नाही. पत्रेही कोणी लिहीत नाही. परंतु ज्यांच्या ओठांवर ‘लव्ह’ कधी येणार नाही, अशी वृद्ध माणसे अजून आपल्या घरांत आहेत. ‘जेवलास का?’ एवढेच ती विचारतात. त्या प्रश्नातली ओंजळ आपण रिती ठेवू नये.