पाऊस, पांढरी साडी आणि उलटतपासणी

शुक्रवार, रात्र

नर्मदा दुथडी भरली आहे, भेडाघाटच्या नावा पावसाळ्यापुरत्या बंद. शनिवार-रविवार घरीच. राज खोसलाचे साधनाबरोबरचे तीन रहस्यपट पुन्हा पाहायचे ठरवले आहेत: 'वह कौन थी' (१९६४), 'मेरा साया' (१९६६), 'अनिता' (१९६७). शिवाय राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (१९६४), कारण 'मेरा साया' त्याच्यावरूनच केलेला. नाना, माझे सासरे, म्हणाले, "कोर्ट लागलं की मला हाक मार." सासूबाईंना हाक मारावी लागणार नाही, गाणी ऐकू आली की त्या आपणहून येतात.

*

'वह कौन थी'. पहिल्या दहा मिनिटांत खोसला सगळं पणाला लावतो. पावसाळी रात्र, डॉक्टर एकटा गाडी चालवतो आहे, रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई. ती गाडीत बसते आणि वायपर बंद पडतात. काचेतून काही दिसत नाही, तरी ती वाट सांगत राहते. उतरायचं ठिकाण कब्रस्तान, आणि तिथलं फाटक आपोआप उघडतं.

आज लक्ष गेलं ते आवाजाकडे. किंकाळी नाही, दचकवणारा वाद्यांचा धडाका नाही. साधना अगदी साध्या स्वरात बोलते, घरातली बाई मीठ कुठे ठेवलंय ते सांगेल तशी. भीती त्या साधेपणातून येते.

कॅमेरा के. एच. कपाडियांचा. कृष्णधवल छायालेखनाचं फिल्मफेअर त्यांना याच चित्रपटाला मिळालं. अंधार इतका दाट ठेवूनही साडीचा पदर मळकट होऊ दिलेला नाही.

*

या गोष्टीची मुळं लांब जातात. विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' १८६० ची. गुरुदत्तच्या कंपनीत 'राज़' नावाचा एक चित्रपट तिच्यावरून सुरू झाला आणि अर्धवट सुटला. राहुलदेव बर्मनचा संगीतकार म्हणून तो पहिला ठरला असता. खोसला गुरुदत्तचाच सहायक, 'सी.आय.डी.' (१९५६) त्यानं गुरुदत्तच्याच निर्मितीत केला. गुरूच्या घरी राहून गेलेली गोष्ट शिष्यानं पुरी केली. इंग्रजी कादंबरीतलं धुकं इथे पाऊस झालं, आणि ते योग्यच. आपल्याकडे आडरस्त्याची भीती पावसातच असते.

शनिवार, सकाळ

काल रात्री नीट लिहायचं राहिलं ते हे. 'वह कौन थी'मध्ये डॉक्टर आनंद आईच्या पसंतीनं, मुलगी न पाहता लग्न करतो. घुंगट वर करतो तर तीच बाई. त्या क्षणापासून तो बायकोकडे माणूस म्हणून बघतच नाही. ती जेवण वाढते, गाते, तो घाबरतो. शेवटी तिला माहेरी पाठवून देतो.

प्रेक्षक म्हणून आपण नवऱ्याच्या बाजूनं घाबरत असतो. आता पुन्हा पाहताना मी तिच्या बाजूनं पाहिला, आणि चित्रपट निराळाच दिसला. नव्या घरात आलेली मुलगी, आणि नवरा तिला भूत समजतो. तिनं काय करायचं? मी भूत नाही, हे सिद्ध कसं करायचं?

खोसलाच्या या चित्रपटांतलं खरं भय इथे आहे. कब्रस्तान, उजाड हवेली, स्वतःहून हलणारं दार, ही सगळी सजावट. गाभा एवढाच, की बाई सांगते 'मी तीच आहे' आणि पुरुष पुरावा मागतो.

*

'वह कौन थी'तल्या मदनमोहनच्या पावसाच्या गाण्याबद्दल सासूबाईंनी सांगितलेली आठवण मीही वाचली आहे. लताबाईंचं ध्वनिमुद्रण वेळेत होऊ शकलं नव्हतं, म्हणून बाह्यचित्रणाला मदनमोहनच्याच आवाजातलं गाणं नेलं, आणि पुरुषाच्या आवाजावर साधनानं ओठ हलवले. जमलेले बघे चक्रावले म्हणे. पडद्यावर त्याची खूणही उरलेली नाही.

सासूबाई साधना कटवाल्या पिढीतल्या. कपाळावरची ती झुलपं १९६० च्या 'लव्ह इन शिमला'पासूनची. 'वह कौन थी'मध्ये खोसलानं ती बाजूला सारून चेहरा पूर्ण उघडा ठेवला असता तर? मला वाटतं, भीती निम्मी झाली असती. डोळे झुलपांच्या सावलीत आहेत म्हणून तर ती कुठे बघते आहे ते कळत नाही.

*

दुपारी सामान आणायला सदरला. एम्पायर टॉकीजच्या जागेवरून गेले. अभिनेते प्रेमनाथ जबलपूरचे, पुढे त्यांनीच हे थिएटर विकत घेतलं. बंद पडूनही आता किती वर्षं झाली. या शहराला हे नात्याचे धागेदोरे फार प्रिय: प्रेमनाथांच्या एका बहिणीचं, कृष्णाचं, लग्न राज कपूरशी, दुसरीचं, उमाचं, प्रेम चोप्रांशी. म्हणजे 'वह कौन थी' आणि 'मेरा साया' दोन्हींतले प्रेम चोप्रा पुढे जबलपूरचे जावई झाले. ही माहिती इथे कुणीही, न विचारता देतो.

शनिवार, रात्र

'पाठलाग' आणि 'मेरा साया', एकापाठोपाठ. आजची रात्र नानांची.

आमचं घर जबलपूरला आलं ते कोर्टामागे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश झालं, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि उच्च न्यायालय नागपूरऐवजी इथे बसलं. नानांचे वडील कोर्टात कारकून, त्यांनी बिऱ्हाड हलवलं. नाना पुढे त्याच कोर्टात वकील. तेव्हा ज्या गोष्टीत नवरा स्वतः वकील आहे आणि पिंजऱ्यात उभ्या बाईची उलटतपासणी घेतो, ती गोष्ट या घरात कशी पाहिली जात असेल!

कथा अशी: वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत जाते. काही दिवसांनी दरोडेखोरांच्या टोळीबरोबर एक बाई पकडली जाते, हुबेहूब तशीच. ती म्हणते, मीच तुमची बायको. त्या दोघांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी भर कोर्टात सांगते. शेवट लिहीत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी.

नानांचा आक्षेप पहिल्याच तारखेला: "जो या प्रकरणात साक्षीदार होणार, त्यानं वकीलपत्र घ्यायचंच नसतं." बार कौन्सिलच्या नियमांत हे आहेच. पण पुढे ते स्वतःच म्हणाले, "नियम पाळला असता तर गोष्ट उरली नसती. त्याला जाणून घ्यायचंय, म्हणून तर तो उभा राहिला." मला हे फार आवडलं. प्रश्न विचारताना सुनील दत्तचा आवाज वकिलाचा असतो, डोळे नवऱ्याचे.

*

मंगळसूत्राचा प्रसंग. ती प्रत्येक प्रश्नाला पुरी पडते, आणि मग तो मंगळसूत्राचं विचारतो. ते तिच्यापाशी नाही. इथे ती कोसळते, अक्षरशः वेडाच्या काठावर जाते.

मला वाटतं, इथे मराठी मूळ उघडं पडतं. उदयपूरच्या ठाकुराची हवेली, पिछोल्याचं पाणी, आणि सौभाग्याची निर्णायक खूण मात्र मंगळसूत्र. राजस्थानी घरात हा मान कपाळावरच्या बोरल्याला किंवा हातातल्या चुड्याला मिळाला असता. जयंत देवकुळ्यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीतून 'पाठलाग' आणि 'पाठलाग'मधून 'मेरा साया', अशा वाटेनं आपलं घर त्या हवेलीत शिरलं आहे.

मला हा प्रसंग सहन होत नाही. इतकं सांगितलं, इतकं आठवलं, आणि शेवटी निकाल काळ्या मण्यांवर. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, त्याला तिचं पटलं होतं आधीच. पटल्याची भीती वाटली म्हणून त्यानं ते विचारलं." मी हे कधी पाहिलंच नव्हतं असं.

*

'पाठलाग' रंगांशिवाय, हवेलीशिवाय. दिग्दर्शक 'लाखाची गोष्ट', 'पेडगावचे शहाणे' करणारे राजा परांजपे. हसवणाऱ्या हातानं हे केलं यावर विश्वास बसत नाही. काशिनाथ घाणेकरांचा वकील सुनील दत्तपेक्षा तापट, आतून जास्त जखमी. त्या वर्षीचं उत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक याला मिळालं. तमिळमध्येही तो 'इदय कमलम' (१९६५) होऊन हिंदीच्या आधी पोचला होता. कोर्टात 'पाठलाग' सरस, घरात 'मेरा साया'. रिकाम्या हवेलीत टेपवर वाजणारा मेलेल्या बायकोचा आवाज हे खोसलाचंच काम. तो मुंबईला गायक व्हायला आला होता. गाणं कुठे ठेवायचं हे त्याला जेवढं कळे तेवढं फार थोड्यांना कळलं.

रविवार

'अनिता'. उत्तरार्ध विस्कटतो. साधना एकामागून एक रूपं घेते, मनोजकुमार शोधत राहतो, आणि कारणं सांगताना चित्रपटाला धाप लागते. मदनमोहनच्या जागी लक्ष्मीकांत-प्यारेलाल, गाणी छान, पण ती गोष्टीला खेचून नेत नाहीत. तरी सूत्र तेच: ही कोण आहे, हे तिच्याखेरीज सगळे ठरवणार.

*

मराठीशी खोसलाचं नातं इथे संपत नाही. 'दो रास्ते' (१९६९) चंद्रकांत काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून, 'मैं तुलसी तेरे आँगन की' (१९७८) त्यांच्याच 'अशी तुझी प्रीत'वरून. रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर विकल्या जाणाऱ्या या कादंबऱ्यांना आपल्या समीक्षकांनी दाराबाहेर ठेवलं, आणि एका पंजाबी दिग्दर्शकानं त्यांतून घरं, सवती, माया-मत्सर उचलून देशभर नेले. २०२५ मध्ये त्याची जन्मशताब्दी झाली. मराठीत त्याच्यावर सविस्तर लिहायला हवं. परांजप्यांवर आहे, घाणेकरांवर आहे. देवकुळ्यांवर तर ओळही सापडत नाही मला, आणि ही सगळी इमारत त्यांच्या पायावर उभी आहे.

*

साधनाला 'वह कौन थी'साठी फिल्मफेअरचं नामांकन होतं, पारितोषिक नाही. पुढे कधीच नाही. एकाच चेहऱ्यानं संशय आणि निरागसपणा एका वेळी दाखवणं, तेही तीन चित्रपटांत, हे अभिनयात मोजलं गेलं नाही. 'मिस्ट्री गर्ल' म्हणून शिक्का बसला आणि मोकळे झाले.

नागपूरच्या भाचीला फोन केला. 'आशा परत येते'ची प्रत जुन्या पुस्तकवाल्यांकडे मिळाली तर कितीही फाटकी असो, घेऊन ठेव म्हटलं. नानांना तिच्यातलं कोर्ट वाचायचं आहे, मला तिच्यातली बाई.