फलकावरची सूचना

मागच्या जूनमध्ये, म्हणजे २०२५ च्या, पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी एक बाई आमच्या टेबलापुढे जन्माचा दाखला घेऊन उभी राहिली. दाखल्यावर आईचे नाव होते, वडिलांचे होते, तारीख होती, नोंदणी क्रमांक होता. बाळाच्या नावाची जागा तेवढी कोरी. "मास्टरसाब, ये नकली तो नहीं है ना?" तिने विचारले. मागच्या बाकावरच्या पालकांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारले.

तिची भीती कुठून आली हे आम्हाला ठाऊक होते. त्या वर्षी जानेवारीत राज्य शासनाने उशिरा केलेल्या जन्म-मृत्यू नोंदींच्या आदेशांना स्थगिती दिली होती आणि मार्चमध्ये त्यासाठी नवी, कडक कार्यपद्धती आणली होती. मोहल्ल्यात पोहोचेपर्यंत या बातमीचे रूप एवढेच उरले होते की "जन्माचे दाखले रद्द होत आहेत". कोणाचे, का, कोणत्या प्रकारचे, हे सांगायला कोणी नव्हते. मोबाईलवर फिरणारी चित्रफीत तेवढी होती. या बाईला एका दलालाने गाठले आणि "नाव चढवून देतो" म्हणून दोन हजार रुपये घेतले. मग तो फोन उचलेनासा झाला.

खरे तर तिचा दाखला अस्सल होता. बाळंतपण माहेरी झाले, रुग्णालयाने वेळेत कळवले, नोंद मुदतीत झाली. फक्त तेव्हा नाव ठरलेले नव्हते. आपल्याकडे हे घरोघरी घडते. अकीका सातव्या दिवशी, नाव तेव्हा ठेवायचे, कधी आजोबांची पसंती यायची राहते, तोवर रुग्णालयाचा कागद निघून गेलेला असतो. नंतर तो कागद पेटीत जातो आणि शाळेचा दिवस उजाडेपर्यंत बाहेर येत नाही.

म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण असे दाखले आमच्या हातात दरवर्षी दोन-तीन तरी येतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. जन्माची खबर २१ दिवसांत दिली तर शुल्क नाही. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क. त्यानंतर एक वर्षापर्यंत ठरलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असे, २०२३ च्या दुरुस्तीने ते काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आले. स्थगिती होती ती या शेवटच्या प्रकाराला. नोंद झालेली आहे आणि केवळ नाव घालायचे आहे, ही गोष्टच वेगळी. नाव वर्षभरात शुल्काशिवाय घालता येते, त्यानंतर जन्मनोंदीपासून १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जायचे मात्र जिथे जन्म नोंदला त्या कार्यालयात, राहत्या गावच्या नव्हे. आणि शाळेपुरते म्हणाल तर वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्काचा कायदाच सांगतो. पोराला आम्ही त्याच दिवशी वर्गात बसवले.

बाई माहेरी जाऊन आली. परत आल्यावर म्हणाली, "मास्टरसाब, हे सगळं तिथं भिंतीवर लिहिलेलंच होतं. माझा भाऊ रोज त्या भिंतीला सायकल टेकवतो."

त्या सायकलीने आम्हाला बरेच दिवस छळले.

आमचे चिमूर लहान गाव. उमा नदी, बालाजीचे देवस्थान, माघातली घोडा यात्रा, आणि दर १६ ऑगस्टला १९४२ च्या हुतात्म्यांना अभिवादन. आमच्या लहानपणी इथे ग्रामपंचायत होती. काही सांगायचे असले की कोतवाल डफडे वाजवत चौकात यायचा आणि दवंडी द्यायचा. मोहल्ल्याच्या तोंडाशी तो जरा जास्त वेळ थांबायचा, कारण आमच्या दादी दाराआडून दोनदा विचारायच्या, "क्या बोला रे?" आणि तो बापडा पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. त्यानंतर ग्रामसभा. अब्बा आम्हाला घेऊन जायचे. तिथे काही फार मोठे निर्णय होत असे आठवत नाही. भांडणेच जास्त. पण नळ का आला नाही, हे कोणीतरी उठून विचारायचे आणि कोणीतरी उत्तर द्यायचे, आणि घरी परतताना सगळ्या गावाला ते उत्तर माहीत झालेले असायचे.

पुढे ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली. गाव वाढले, ते व्हायलाच हवे होते. पण एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. ग्रामपंचायतीच्या कायद्यात ग्रामसभा असते, तिथे प्रत्येक मतदार हक्काने बसतो. नगर परिषदेत ग्रामसभा नसते. सभा होते ती निवडून आलेल्या सदस्यांची. नागरिकापर्यंत जे येते ते सूचनेच्या रूपाने. घरावरच्या कराची फेरआकारणी, तिच्यावर हरकत घेण्याची मुदत, प्रभागांचा आराखडा, मतदार यादीचा मसुदा, सगळ्यांना शेवटची तारीख असते आणि ती तारीख कागदावर असते. तो कागद वाचला नाही तर हरकत नव्हती असेच धरले जाते.

तेव्हा आम्ही ठरवले की निदान मोहल्ल्यापुरते हे काम करायचे. बीएडला आमच्या दोन अध्यापन पद्धती होत्या, मराठी आणि उर्दू. अशा माणसाने नाही करायचे तर कोणी? शाळेतून येताना फलकापाशी थांबायचे, सूचना वहीत उतरवायच्या आणि उर्दूत चार ओळी लिहून मशिदीजवळच्या दुकानात लावायच्या. अक्षर आमचे बरे आहे. कागद छान दिसायचा.

याच सुमारास पातूरच्या पाटीचा निकाल आमच्या वाचनात आला होता. पातूर आपल्याच विदर्भातले, अकोला जिल्ह्यातले. तिथल्या नगर परिषदेच्या पाटीवर वर मराठी आणि खाली उर्दू, असे १९५६ पासून चालत आलेले. एका माजी सदस्येने हरकत घेतली, २०२० मध्ये परिषदेने बहुमताने ठराव करून पाटी तशीच ठेवली, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशु धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला. मराठी ठेवून सोबत उर्दू लिहायला कायद्याची मनाई नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि नगर परिषद ही लोकांच्या रोजच्या गरजा भागवणारी संस्था असल्याने लोकांना समजेल त्या भाषेत तिने बोलावे, असा त्याचा आशय. वाचून आनंद झाला. आमचा दुकानातला कागदही जणू त्या निकालाचाच एक तुकडा आहे, असे वाटले. (माणूस शिक्षक असला की स्वतःला लवकर शाबासकी देतो.)

दोन महिन्यांनी आम्ही दुकानदाराला विचारले, "कागद कोण वाचतं?" तो म्हणाला, "खरं सांगू? चार बुजुर्ग. तेही तुमचं अक्षर बघतात."

मग आम्ही घरोघर विचारले. मुले मराठी शाळेतली, उर्दू लिपी त्यांना येत नाही. मोहल्ल्यातल्या बऱ्याच वृद्ध स्त्रिया कुरआन नाजिरा पढलेल्या, अक्षरे ओळखतात, पण उर्दूतले वाक्य वाचून अर्थ लावायची सवय कधी लागलीच नाही. ज्यांना आम्ही उर्दूवाले समजत होतो त्यांची उर्दू कानातली होती, डोळ्यातली नव्हती. आणि ज्यांना मराठी वाचता येते त्यांना सरकारी मराठी कळत नाही. "विहित मुदतीत लेखी हरकती सादर कराव्यात, तदनंतर विचार केला जाणार नाही" हे वाक्य आमच्या शेजारच्या गोंड समाजातल्या म्हातारीला जितके परके, तितकेच आमच्या चाचीलाही. त्या म्हातारीने तर एकदा आम्हाला फलकापुढे अडवूनच सांगितले, "गुरुजी, मनातल्या मनात काय वाचता? मोठ्यानं वाचा ना." पातूरच्या पाटीचा हक्क मोलाचा आहे, तो हातचा जाऊ देऊ नये. पण पाटीने कार्यालय सापडते, आत काय चालले आहे ते कळत नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ पुन्हा उघडला. चौथ्या कलमात म्हटले आहे की कार्यालयाने माहिती मागण्याची वाट न पाहता ती आपणहून द्यावी, आणि देताना स्थानिक भाषा व त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत लक्षात घ्यावी. साधनांच्या यादीत सूचना फलक आहे, वर्तमानपत्र आहे, इंटरनेट आहे, आणि जाहीर घोषणाही आहे. म्हणजे दवंडी कायद्यात अजून शिल्लक आहे. आमच्या तालुक्यात ताडोब्याच्या बाजूची गावे आहेत. मोहफूल वेचायच्या दिवसांत वाघाचा वावर दिसला तर तिथे कागद चिकटवून भागत नाही, सांगावेच लागते. पहाटे टोपली घेऊन निघालेली बाई फलक वाचायला थांबत नाही.

आता उर्दूतला कागद आम्ही बंद केलेला नाही, त्या चार बुजुर्गांसाठी तो चालू आहे. पण जुम्याच्या नमाजनंतर, जमातच्या परवानगीने, दोन मिनिटांचे एलान करतो. बोलीत. तारीख दोनदा सांगतो, कार्यालयाची खोली सांगतो, सोबत काय न्यायचे ते सांगतो. स्त्रियांपर्यंत ते पोहोचत नव्हते, म्हणून आमच्या घरी गुरुवारी दुपारी ज्या बाया जमतात त्यांना आमची थोरली मुलगी वाचून दाखवते. ती नववीत आहे. तिला आम्ही सांगितले आहे की वाक्य समोरच्या बाईने परत म्हणून दाखवले तरच पुढे जायचे. म्हातारी आजीही येऊन बसते, आणि सगळ्यांत जास्त प्रश्न तीच विचारते. परवा तिने विचारले की घराच्या करावर हरकत घ्यायची तर अंगठा चालतो का. मुलीला माहीत नव्हते, आम्हालाही नव्हते. सोमवारी विचारून येतो म्हणालो.

नाव चढलेला दाखला घेऊन ती बाई दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आली. दाखवायला म्हणून आली होती, पण तिच्याबरोबर तिची जाऊ होती, आणि जावेच्या पिशवीतही तसाच एक कागद होता.