बिंदुसरेकाठचा आशिया

बीडच्या स्थानकातून मांजरसुंब्याकडे जाणारी एसटी पकडली आणि दहा-बारा किलोमीटरवर पालीला उतरले. आशियाविषयीची पुस्तकं, वस्तुसंग्रहालयं आणि प्रवास हा या साप्ताहिक सदराचा विषय. या आठवड्यात टेबलावर फरिश्ताचा इतिहास होता, जॉन ब्रिग्जचं १८२९ साली निघालेलं इंग्रजी भाषांतर. त्यात बीडचं नाव आलं आणि पुढची पानं घरात बसून वाचवेनात.

पाली हे बिंदुसरा नदीवरच्या धरणाचं गाव. बालाघाटाच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी इथे अडवली आहे. पुढे ती बीड शहराच्या मधून वाहते आणि सिंदफणेमार्गे गोदावरीला मिळते. यंदा पावसाने हात दिला होता. सांडव्यावरून पाण्याची चादर पडत होती आणि ती बघायला बीडहून माणसं लेकराबाळांना घेऊन आली होती. ज्या जिल्ह्यात पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात उन्हाळे जातात, तिथे चादर बघायला जाणं ही मोठी गोष्ट. रस्त्याच्या कडेला बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. बालाघाटाच्या खडकाळ उतारावर हे झाड आपसूक येतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

फरिश्ताने सांगितलेली हकीकत महंमद तुघलकाची. चौदाव्या शतकात वरंगळच्या मोहिमेत सुलतान आजारी पडला आणि दौलताबादकडे परतताना बीडजवळ त्याचा एक दात पडला. तो त्याने समारंभाने पुरवला आणि त्यावर कबर बांधवली. बीडच्या दक्षिणेला करजणी गावाजवळच्या टेकडीवरची वास्तू याच दाताची कबर म्हणून दाखवतात. चढ चढून गेले. वाऱ्याला उघडं असलेलं ते दगडी बांधकाम, खाली शेतं, लांबवर महामार्ग. दिल्ली, वरंगळ आणि दौलताबाद यांना जोडणाऱ्या लष्करी वाटा याच मुलखातून जात होत्या, हे नकाशावर पाहणं वेगळं आणि त्या टेकडीवर उभं राहून पाहणं वेगळं.

परतताना खजाना बावडीपाशी थांबले. पालीहून बीडला येताना ती वाटेतच लागते. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाच्या राज्यात (१५६५ ते १५८८) बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधून घेतली. राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराने तिची आखणी केली, असं सांगतात. पायऱ्या उतरून आत गेले. घडीव दगडाचा गोल घेर, पाण्याच्या वर आतून फिरता येईल असा कठडा आणि कमानीखाली बोगद्यांची काळोखी तोंडं. दोन बोगदे पाणी आणतात, तिसरा ते बाहेर नेतो. लिंबाचं एक वाळलेलं पान आतल्या तोंडातून आलं, विहिरीत एक वळसा घेतला आणि समोरच्या बोगद्यात शिरलं. तेवढ्याने पाणी वाहतं आहे हे कळलं. पृष्ठभागावर दुसरी हालचाल नव्हती.

वर आले तेव्हा एक आजोबा बांधावर बसले होते. पाणी शेतात कसं पोचतं, विचारलं. ‘‘मोटर न्हाई, इंजिन न्हाई. उताराला लागलंय, जातंय आपलं आपण,’’ ते म्हणाले.

या एका वाक्यात अर्ध्या आशियाचं जलशास्त्र आहे. डोंगराच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी गाठायचं, जमिनीखालून बोगदा खणायचा, उतार इतका बेताचा ठेवायचा की पाणी साचू नये आणि बोगद्याची माती वाहून जाऊ नये. उन्हाने वाफ होत नाही, उपसायला बैल लागत नाहीत. इराणात याला कनात म्हणतात आणि तिथल्या अकरा कनातींना युनेस्कोने २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलं. ओमानचे फलज त्या यादीत २००६ मध्येच आले. चीनच्या तुर्फानमधले द्राक्षमळे करेझच्या पाण्यावर उभे राहिले. दख्खनमध्ये बिदरला बहमनी काळातली करेझ आहे आणि औरंगाबादला मलिक अंबरची नहर. बीडची खजाना या घराण्यातली मला जवळची सोयरी वाटते.

ही विद्या माणसांबरोबर फिरली. फरिश्ता कॅस्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादचा. लहानपणी वडिलांबरोबर अहमदनगरला आला, याच मुर्तजाच्या दरबारी वाढला आणि पुढे विजापूरला जाऊन त्याने फारसीत इतिहास लिहिला. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, बगदादमार्गे दख्खनला आला. स्थानिक पाथरवट आणि बेलदार यांच्या हातांशिवाय मात्र यातला एकही दगड बसला नसता. त्यांची नावं कोणत्याही तवारिखेत नाहीत.

वस्तुसंग्रहालयात विहीर ठेवता येत नाही. ती तिच्या जागी, पाण्यासकट जपावी लागते. दुष्काळातही न आटणारी म्हणून खजानाची ख्याती आहे. पण भोवती खोल बोअर पडत राहिले, बोगद्यांवर घरं चढली, तर ख्याती तिला वाचवणार नाही. या बोगद्यांचा पूर्ण नकाशा, वर्षभराची पाण्याची पातळी आणि आजूबाजूच्या बोअरवर मर्यादा ही कामं आधी व्हावीत.

दुसरं काम अभ्यासाचं. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणून मराठवाड्याचाच माणूस हे करू शकतो हे दाखवलं. आज मराठवाड्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण फारसी शिकतात? फरिश्ता आपण अजून इंग्रजीतून वाचतो, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. बीडच्या महाविद्यालयांनी फारसी आणि मोडीचे वर्ग सुरू करावेत आणि पहिला तास खजानाच्या पायऱ्यांवर घ्यावा. वाचकांनीही पालीची चादर बघायला जाताना तिथे अर्धा तास थांबावं.