ही गोष्ट कोणाची?

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी माझ्या हातून एक चूक घडली. हेतू चांगला होता, म्हणूनच ती चूक आहे हे उमगायला मला वेळ लागला. वाचकांपैकी बहुतेकांच्या खिशात माझ्यासारखाच मोबाइल आहे, त्यामुळे ती येथे सांगावीशी वाटते.

कारंजा लाड येथे आपली कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हे गाव दत्तभक्तांना श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून पूज्य आणि जैन बांधवांना त्यांच्या प्राचीन मंदिरांमुळे प्रिय. महिन्यातून एकदा मी तेथे मिस्सा अर्पण करण्यास जातो. कोणाच्या तरी घरी वेदी मांडली जाते. मिस्सा आटोपल्यावर चहा होतो आणि सुखदुःखाच्या गोष्टी निघतात.

त्यांपैकी एका घरचा मुलगा डॉक्टर आहे. लहानपणी वेदीसेवक म्हणून माझ्याशेजारी उभा राहणारा हा मुलगा एम.बी.बी.एस. झाला, काही वर्षे सरकारी नोकरीत राबला आणि मग त्याने स्वतःचा दवाखाना थाटला. डोक्यावर बँकेचे कर्ज, जागेचे भाडे, मदतनिसाचा पगार. आणि रुग्ण मात्र सकाळी चार, संध्याकाळी पाच. एके काळी डॉक्टरांची कीर्ती मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील 'शकुंतले'च्या डब्यात बसून गावोगाव जात असे. ती छोटी गाडी आता धावत नाही आणि कीर्तीलाही तेवढा धीर उरलेला नाही. एक तरुण त्याच्याकडे येऊन म्हणाला, "डॉक्टरसाहेब, महिन्याला थोडे पैसे द्या, फेसबुकवर हजारो लोक तुमच्यामागे उभे करतो. बरे झालेल्या पेशंटचे फोटो तेवढे द्या."

डॉक्टरने मला विचारले, "फादर, यात काही गैर आहे का?"

दिवा मापाखाली झाकून ठेवायचा नसतो, असा दाखला देऊन मी त्याला धीर दिला. दाखला देताना मी विचार केला नाही. दिवा कोणाचा आणि त्यात जळणारे तेल कोणाचे, हे मी पाहिलेच नाही.

त्याच रविवारी एक बाई आपल्या एकवीस वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलीला शाळेत असल्यापासून फिट येत. देवऋषी झाले, गंडेदोरे झाले. अखेर आमच्या डॉक्टरने तिला अमरावतीच्या तज्ज्ञांकडे पाठवून निदान करून घेतले आणि स्वतः मागे लागून रोजच्या गोळ्या चुकू दिल्या नाहीत. दीड वर्षात एकही झटका आला नव्हता. आईच्या डोळ्यांत पाणी होते. माझेही मन भरून आले. मी विचारले, "बाई, हे सगळ्यांना कळू द्यायचे का?" त्या म्हणाल्या, "कळू द्या ना, फादर." मी डॉक्टर, आई आणि मुलगी यांचे छायाचित्र काढले, चार ओळी मनापासून लिहिल्या आणि धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठविल्या. डॉक्टरने त्याच ओळी आपल्या फेसबुकच्या पानावर घातल्या. संध्याकाळपर्यंत अभिनंदनाचा वर्षाव झाला. त्या रात्री मी समाधानाने झोपलो.

दोन आठवड्यांनी मुलीचे वडील भेटले. बाहेरगावचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. त्यांनी फोन करून नकार कळविला होता. माझा संदेश कोणीतरी कोणाला, त्याने आणखी कोणाला पाठविला होता आणि तो नेमका तेथे पोहोचला होता. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "फादर, तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे मले समजते. पन आता लोकाइले कोन समजावीन?"

अपस्मार हा मेंदूचा विकार आहे; तो शाप नव्हे, संसर्गही नव्हे. योग्य औषधोपचार झाल्यास दहांपैकी सुमारे सात रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिंदू विवाह कायद्यात विवाहाला बाध आणणाऱ्या बाबींमध्ये अपस्माराचाही उल्लेख होता. तो १९९९ मध्ये वगळण्यात आला. कायद्याने वगळले, तरी पाहुण्यांच्या मनातून ते अद्याप वगळले गेलेले नाही. हे मला ठाऊक असायला हवे होते. इतकी वर्षे लोकांची लग्ने लावीत आलो, ती काय डोळे मिटून?

मी त्यांच्या घरी क्षमा मागायला गेलो. गटावरचा मजकूर काढून टाकला होता, डॉक्टरनेही आपल्या पानावरून तो उतरविला होता; परंतु पुढे गेलेला संदेश परत बोलावता येत नाही. मुलगी दाराशी बसून तुरीच्या शेंगा सोलीत होती. मी म्हणालो, "तुझ्या आईला विचारूनच मी..." तिने मान वर केली. म्हणाली, "हो फादर. आईला विचारलं. मी तिथंच उभी होते."

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

परतीच्या वाटेवर मला पापनिवेदनाची आठवण झाली. त्या जाळीआड ऐकलेला शब्द धर्मगुरूने प्राण गेला तरी बाहेर काढायचा नसतो, हे सेमिनरीत आमच्या हाडीमासी रुजविलेले असते. इतक्या वर्षांत तो नियम माझ्याकडून मोडला गेला नाही. मात्र एका मुलीच्या देहाचे गुपित मी कौतुकाच्या भरात चव्हाट्यावर नेले. रुग्ण डॉक्टरसमोर ज्या विश्वासाने बसतो, तो त्या जाळीशी गुडघे टेकणाऱ्याच्या विश्वासाहून काही निराळा नाही. माणूस दोन्हीकडे आपले झाकलेले उघडे करतो, ते बरे होण्यासाठी.

पुढच्या भेटीत डॉक्टरने मला त्याच्या व्यवसायाचे नियम दाखविले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करून रुग्ण मिळविणे नीतीला सोडून आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी जाणार आहे, परत आलो आहे, अशा मोजक्या गोष्टी तो वृत्तपत्रातून कळवू शकतो. पाटीसुद्धा अवाजवी मोठी नसावी आणि जेथे आपण राहत वा काम करीत नाही तेथे ती लावू नये. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून कोठेही प्रसिद्ध करू नये, हेही त्यात आहे. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम जाहीर केले. त्यांत समाजमाध्यमांविषयी स्वतंत्र मार्गदर्शन होते: पसंतीच्या खुणा आणि अनुयायी पैसे देऊन मिळवू नयेत, बऱ्या झालेल्या रुग्णांची चित्रे व प्रशस्तिपत्रे मिरवू नयेत. त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले आणि २००२ चे नियम पुन्हा लागू झाले. "फादर," तो म्हणाला, "नियम मी परीक्षेसाठी वाचले होते. त्यांच्यामागे माणूस असतो, हे आता कळले." मी मनात म्हटले, बाळा, मलाही.

कारंज्याला नियमांचे मोल नवे नाही. येथील कापसाचा बाजार १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये नियमांखाली आला आणि देशातील नियंत्रित बाजारांचा इतिहास येथपासून सांगितला जातो. शेतकऱ्याच्या मालाला खरे माप आणि उघड भाव मिळावा, यासाठी तो खटाटोप होता. कापसाच्या गाठीसाठी आपण एवढी काळजी वाहिली. आजारी माणूस तर गाठही नव्हे. त्याला नमुना म्हणून दुकानाबाहेर कसे टांगावे?

या प्रसंगानंतर मी संत मार्क यांचे शुभवर्तमान पुन्हा उघडले. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केले आणि कोणाला काही सांगू नकोस असे बजावले. त्या माणसाला राहवले नाही. तो सांगत सुटला आणि प्रभूला गावात उघडपणे जाणे कठीण झाले. मात्र त्याच शुभवर्तमानात थडग्यांमध्ये राहणारा भूतग्रस्त मनुष्य बरा होतो, तेव्हा प्रभू त्याला घरी जाऊन आपल्या माणसांना सर्व काही सांगायला पाठवितो. लहानपणापासून मला या दोन प्रसंगांत विसंगती वाटत आली होती. आता ती तितकीशी वाटत नाही. दोन्ही ठिकाणी बरे करणारा स्वतःची वाखाणणी करीत नाही. आणि सांगण्याची मोकळीक मिळते तेथे ती बरे झालेल्याला मिळते: त्याच्या तोंडून, त्याच्या घरी, त्याच्या माणसांत. गोष्ट त्याची आहे.

मग डॉक्टरने मोबाइल दूर ठेवावा काय? मला तसे वाटत नाही. त्यालाही पोट आहे, कर्ज आहे, आणि ज्या गावात भोंदू बाबा दिवसरात्र बोलतात तेथे शिकलेल्या माणसाने मौन धरणे हेही बरे नव्हे. आम्ही दोघांनी बसून एक साधी कसोटी ठरविली: हा संदेश वाचून जो माणूस कधीच आपल्या दवाखान्यात येणार नाही, त्याचेही काही भले होईल काय? होत असेल तर पाठवावा.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून फवारणीच्या दिवसांत डॉक्टर लिहितो: वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका, नाकातोंड व हात झाका, काम संपताच साबणाने अंग धुऊन कपडे बदला, मळमळ वा घाबरे वाटल्यास डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. पावसाळ्यात लिहितो: साप चावला तर घट्ट आवळू नका, चिरू नका, तो अवयव न हलविता थेट रुग्णालयात न्या. दवाखान्याची वेळ, फी आणि सुटीचा दिवस तो शेवटी एका ओळीत देतो. छायाचित्र नसते.

ज्ञान वाटल्याने डॉक्टरचे मोल घटत नाही, याची साक्ष आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला कार्य आरंभिले आणि खेड्यांतील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडविले. त्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ती कीर्ती गावोगावच्या स्त्रियांच्या हातांनी उभी राहिली होती.

आमच्या डॉक्टरच्या दवाखान्यात यामुळे रांगा लागल्या, असे मी म्हणणार नाही. कर्ज अजून फिटलेले नाही. सकाळच्या चारांचे सात झाले आहेत, एवढेच. पण फवारणीच्या दिवसांत दोन माणसे वेळेत आली आणि वाचली. त्यांची नावे तो मला सांगत नाही आणि मीही विचारीत नाही.

त्या मुलीचे औषध चालू आहे. हा लेख लिहून झाल्यावर मी तिच्याकडे गेलो. या खेपेस तिलाच विचारले. तिने सगळा कागद शांतपणे वाचला, ओळख पटेल असे दोन तपशील बदलायला सांगितले आणि तिच्या भवितव्याविषयी मी लिहिलेला एक आशेचा परिच्छेद पेनाने खोडून टाकला. म्हणाली, "हे अजून घडायचं आहे, फादर. घडलं की मी सांगीन."

तो परिच्छेद येथे नाही.