अदेंच्या घरचं कुरुत

2010 च्या सुमारास मी काबूलमध्ये बायकांना शिवणकाम शिकवत होते. त्यांतल्या एकीचं पश्तून, म्हणजे पठाण, कुटुंब लोगर प्रांतातून येऊन शहरात स्थिरावलं होतं. बाईमाणूस म्हणून त्या घरात मला थेट चुलीपर्यंत जाता आलं. पुरुष पाहुणा हुजऱ्यात, बाहेरच्या बैठकीतच बसतो. त्याच्यापुढे येतो गाजर-मनुकांचा काबुली पुलाव. घरची माणसं रोज काय जेवतात, हे त्याला दिसत नाही.

रोज असते डोडई, तंदूरमध्ये भाजलेली जाड रोटी. सोबत कधी शोरवा म्हणजे पातळ रस्सा, कधी भेंडी नाहीतर पालक, कधी नुसता हिरवा चहा. ‘पठाणी जेवण’ म्हणून आपल्याकडे फक्त कबाब मिरवतात याचं मला वाईट वाटतं, कारण त्या स्वयंपाकाची खरी हुशारी मी दुधात पाहिली. ताक उकळून आटवायचं, फडक्यात बांधून निथळायचं, मीठ घालून गोळे वळायचे आणि उन्हात खडखडीत वाळवायचे. हे कुरुत. उन्हाळ्यातलं दूध असं हिवाळाभर पुरतं. माझ्या विद्यार्थिनीच्या आईला सगळे अदे म्हणत, मीही म्हणू लागले. अदे ते गोळे कोमट पाण्यात भिजवून मातीच्या खडबडीत भांड्यात तळहातानं घासघासून विरघळवत. मोठ्या थाळीत डोडईचे तुकडे, त्यावर ते दाट, आंबट कुरुत आणि वरून कांदा परतलेलं कडकडीत तूप. आम्ही सगळ्याजणी एकाच थाळीत जेवायचो. ताकात भाकरी कुस्करून खात वाढलेल्या मला तो घास पहिल्याच दिवशी घरचा वाटला.

थंडीच्या तोंडावर लांदी, म्हणजे हिवाळ्यासाठी वाळवून ठेवायचं मांस, करायला घेतली. मेंढा कापून लोकर काढली, पण कातडं सोललं नाही. ते आगीवर भाजून घेतलं. बर्फाच्या दिवसांत ऊब हवी, म्हणून चरबी आणि कातडं मांसाला धरूनच ठेवतात. मग मोठाले तुकडे करून मीठ चोळलं, आणि अदेंनी हिंग काढला. त्या वासानं मी जागच्या जागी थांबले. आपल्या डब्यातला कितीतरी हिंग येतो तो याच देशातून, तिथल्या डोंगरांतल्या झाडांच्या मुळांचा चीक सुकवून. अदेंच्या रोजच्या भाजीत मात्र तो नसायचा. आम्ही वरणाला रोज चिमूटभर घालतो, हे ऐकून त्या म्हणाल्या, “मांसाशिवाय?”

लांदी वाशावर टांगून झाली तशी त्यांनी मसूर काढून दिली आणि मला चुलीपुढे बसवलं.