लायडनच्या बाजारात डच भाषेचे धडे

नेदरलँड्समधील लायडन हे कालव्यांचे विद्यानगर. येथील विद्यापीठ १५७५ साली स्थापन झाले. भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्याचे अध्ययन बहुधा इंग्रजीत चालते. म्हणून डच भाषेवाचून आपले काही अडणार नाही, असे त्याला वाटते. जैन घरातील विद्यार्थ्याचा हा समज दुकानातील पाकिटांवरची बारीक अक्षरे वाचतानाच दूर होतो.

बटाट्याला तेथे ‘आर्दापल’, म्हणजे ‘जमिनीतले सफरचंद’ म्हणतात. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्याला हे नावच सावध करते. लसूण म्हणजे ‘क्नॉफ्लोक’. कांद्याचे नाव केवळ एका जोडस्वराचे; पण ओठ गोल करून काढायचा तो स्वर परक्या जिभेला फार जड जातो. चीजवर ‘स्ट्रेम्सल’ लिहिलेले असेल, तर दूध साकळवणारा तो पदार्थ वासराच्या जठरातील की सूक्ष्मजीवांपासून केलेला, हे विचारावे लागते.

शनिवारी कालव्याकाठी बाजार भरतो. गिऱ्हाईक अडखळताच विक्रेता सौजन्याने इंग्रजीकडे वळतो आणि शिकणे तेथेच थांबते. ‘मी डच शिकत आहे’ एवढे वाक्य ज्याने पाठ केले, त्याचा मार्ग मोकळा होतो. हिशेबात मराठी भाषकाला एक सोय आहे. तेवीस म्हणजे ‘द्री-एन-ट्विंतख’, तीन आणि वीस. ‘तेवीस’मध्येही तीन आधीच येतात.

घरगुती रीतिरिवाजही शिकावे लागतात. भेटीची वेळ आधी ठरते. वाढदिवसाला आईवडिलांचे व भावंडांचेही अभिनंदन करतात. सायंकाळचे जेवण सहाच्या सुमारास असते. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा रात्रीभोजन त्यागाचा नियम यजमानाच्या पंगतीतही सहज पाळला जातो. डिसेंबरात मात्र साडेचारलाच अंधारते. मग नियम मोडावा की निमंत्रण नाकारावे, असा पेच पडतो.

अशा वेळी भाषाच साहाय्य करते. तेथे स्पष्ट बोलणे उद्धटपणाचे मानत नाहीत. न सांगता ताट दूर सारणे मात्र यजमानाला खटकते. आधीच कारण सांगून जेवणाऐवजी दुपारच्या चहाला येतो म्हटले, तर नियमही राहतो आणि स्नेहही. मुलांना परदेशी पाठवणाऱ्या पालकांनी ही चार वाक्ये निघण्यापूर्वीच त्यांच्याकडून पाठ करून घ्यावीत.