मोटारीच्या दारातला संबळ

१/
मोटारीत गाणे ऐकणे ही एकेकाळी धनिकांची चैन होती. १९३० साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी ‘मोटोरोला’ हा मोटार-रेडिओ बाजारात आणला, तेव्हा त्याची किंमत शंभर डॉलरहून अधिक होती. त्याच काळात फोर्डची नवी ‘मॉडेल ए’ मोटार पाचशे डॉलरच्या आसपास मिळत असे. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाऊपुंक्टने युरोपातला पहिला मोटार-रेडिओ काढला. त्याचे वजन सुमारे १५ किलो होते आणि किंमत लहान मोटारीच्या जवळजवळ एक तृतीयांश.

२/
आता दृष्टी तुळजापूरकडे वळवू. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. नवरात्रात आणि कोजागरीला हा रस्ता पायी चालणाऱ्या भक्तांनी फुलून जातो. एरवी त्यावर भाड्याच्या गाड्यांची अखंड ये-जा असते. दहा वर्षांची जुनी गाडी, दिवसाचे आठ-दहा तास चाकापाशी, आणि घरखर्च भागवून हाती उरलेले चार-पाच हजार रुपये. अशा चालकाला चांगला आवाज परवडेल काय? या प्रश्नाचे उत्तर बाजारापेक्षा इतिहासात अधिक स्पष्ट सापडते.

३/
प्रथम, ऐकायचे काय ते पाहू. तुळजाभवानी हे गोंधळ्यांचे आराध्यदैवत. संबळ, तुणतुणे, झांज आणि पेटती दिवटी यांच्या साथीने गोंधळ उभा राहतो. संबळ म्हणजे एकत्र बांधलेली, काठ्यांनी वाजवायची दोन वाद्ये: एकाचा आवाज खर्जातला, घुमणारा, दुसऱ्याचा उंच, कडक. दोहोंच्या सवालजबाबातून ठेका घडतो. यातले एक हरवले तर उरतो तो नुसता खडखडाट. गाडीसोबत आलेल्या स्पीकरमध्ये नेमका खर्जाचाच भाग हरवतो.

४/
हा ठेका गाडीत आला तो कॅसेटमुळे. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट मांडली. भारतात ती घरोघरी पोहोचली १९८० च्या दशकात. त्याआधी रेडिओ बाळगण्यासाठीही परवाना काढावा लागे आणि ध्वनिमुद्रिका मोजक्या घरांतच असत. कॅसेट स्वस्त झाली तशी देवीची गाणी, भारुडे, पोवाडे आणि प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते जीपमध्ये, ट्रकमध्ये, चहाच्या टपरीवर वाजू लागली. लोकसंगीताला बाजारपेठ मिळाली आणि चालकाला सोबत.

५/
पुढे कॅसेट गेली, सीडी आली, तीही गेली. आता मोबाइलमधून गाणे वाजते. परंतु शेवटचा दुवा बदललेला नाही. १९१५ मध्ये पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी कॅलिफोर्नियात चलत्-वेटोळ्याच्या भोंग्यातून जनसमुदायाला आवाज ऐकवला. १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्याच तत्त्वावर कागदी शंकूचा स्पीकर सिद्ध केला. लोहचुंबक, त्यात हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला शंकू. आजच्या मोटारीच्या दारात हीच रचना आहे. शंभर वर्षांचे हे ज्ञान कोणाच्याही मालकीचे नाही, हे अल्प पैसा असलेल्याचे मोठे भाग्य.

६/
मग कारखान्यातून आलेला स्पीकर फिका का वाटतो? कारण हिशेबात आहे. लाखो गाड्या बनवणाऱ्या कारखान्याला प्रत्येक स्पीकरमागे वाचलेला रुपया मोलाचा असतो. म्हणून चुंबक लहान, शंकू पातळ, बहुधा वेगळा ट्वीटर नाही. उन्हातान्हात आणि ओलाव्यात दहा वर्षे काढल्यावर शंकूची कडही सैल पडते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद उभी राहणारी गाडी आतून किती तापते, ते निराळे सांगायला नको.

७/
येथे बाजाराचा पहिला मोह उभा राहतो: वॉटचा आकडा. टेपच्या खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ असे ठळक छापलेले असते. गाडीची वीज साधारण १४ व्होल्टची. तेवढ्यावर चार ओहमच्या स्पीकरला टेपमधून स्वच्छ आवाजाचे अठरा-वीस वॉटच मिळतात. म्हणून ‘३०० वॉट’चा स्पीकर घेणे व्यर्थ. पाहायची ती संवेदनशीलता, म्हणजे एका वॉटमध्ये स्पीकर किती डेसिबल आवाज देतो. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर न घेताही शक्ती दुप्पट केल्याचा लाभ होतो.

८/
दुसरे रहस्य दारातच दडलेले आहे. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. पुढच्या आणि मागच्या लहरी एकमेकींना भेटल्या की खर्ज नाहीसा होतो. म्हणूनच आरंभीच्या संशोधकांनी स्पीकर फळीवर बसवला. १९६१ साली ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी गणिताने दाखवले की स्पीकर आणि त्याची पेटी मिळून एकच वाद्य होते. मोटारीत दार हीच पेटी, आणि ती भोकांनी भरलेली. महागडा स्पीकरही अशा दारात पोकळच वाजतो.

९/
यातून खर्चाचा क्रम आपोआप ठरतो. आधी पुढची दोन दारे. मागचे स्पीकर जसे आहेत तसे राहू द्यावेत, कारण चालकाचा कान पुढे आहे. त्यात जुन्याच मापाची, बहुधा साडेसहा इंची, चांगल्या संवेदनशीलतेची कोअ‍ॅक्सियल जोडी. स्पीकर घट्ट बसेल अशी रिंग. मूळ तारा न तोडता जोडणारे कपलर. उरलेल्या पैशात डॅम्पिंग शीट: दाराच्या आतल्या पत्र्याची भोके बुजवण्यासाठी आणि थरथरणारा पत्रा शांत करण्यासाठी. मात्र दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्याची छिद्रे कधीही बुजवू नयेत, पत्रा गंजेल.

१०/
शेवटचे काम फुकटचे, आणि तेच सर्वाधिक चुकते. एका दारात अधिक-उणे उलटे जोडले गेले की एक शंकू पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. खर्ज पुन्हा गायब. पारख सोपी आहे. स्पीकर टेपपासून सुटा असताना दीड व्होल्टचा सेल क्षणभर त्याच्या तारांना लावावा. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लागले तर शंकू बाहेर येतो. त्यानंतर टेपच्या सेटिंगमध्ये ८० हर्ट्झच्या आसपासचा हाय-पास फिल्टर लावावा. दारातल्या लहान शंकूला न पेलणारे खोल स्वर त्याच्याकडून मागितले नाहीत, की उरलेले तो निर्मळ देतो.

११/
म्हणजे मिळते काय? मिरवणुकीतला छाती हादरवणारा दणका नव्हे. तो या पैशात मिळणार नाही आणि बंद गाडीत दहा तास सोसवणारही नाही. मिळतो तो वाद्याचा तोल. संबळाच्या कडक थापेमागे उमटणारी घुमारी, तुणतुण्याच्या तारेची धार, गोंधळ्याच्या शब्दाची सुरुवात आणि शेवट.

१२/
१९३२ मध्ये ज्या सुखासाठी मोटारीच्या किमतीचा तिसरा हिस्सा लागला असता, ते आज एका जोडीत, काही चौरस फूट शीटमध्ये आणि एका दुपारच्या मेहनतीत बसते. पैशाने केलेली उणीव पुष्कळदा जाणतेपणाने भरून निघते. आणि ज्या गोंधळ्यांनी पिढ्यान् पिढ्या उघड्या अंगणात, दिवटीच्या उजेडात हा ठेका जपला, त्यांच्या वाद्याचा अर्धा आवाज तरी एका पातळ कागदी शंकूपायी रस्त्यात सांडू नये. (समाप्त)